एका विषारी पानाचा इतिहास

वनस्पतीपासून केलेलें औषध निरुपद्रवी असतें, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांत दृढ झालेला आढळतो. याच्या अगदीं उलट असा दुसरा समजही तितकाच प्रचलित आहे : आजीबाईच्या बटव्यांतून जें निघालें तें सारें अडाणीपणाचें, आणि प्रयोगशाळेच्या बाटलींतून जें निघालें तेंच काय तें शास्त्रीय. हे दोन पक्ष एकमेकांशीं हिरीरीनें वाद घालतात. पण दोघांचीही चूक एकाच ठिकाणीं आहे. औषध कोठून आलें एवढेंच ते विचारतात. तें किती दिलें, कोणाला दिलें आणि ज्यांना गुण आला नाहीं त्यांचें पुढें काय झालें, हें दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं. हृदयरोगावर गेलीं दोनशें चाळीस वर्षें चालत आलेल्या एका पानाचा इतिहास या दोन्ही समजुतींचें निरसन करण्यास समर्थ आहे. म्हणून तो वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें पान फॉक्सग्लव्ह नांवाच्या झाडाचें. युरोपांत टेकड्यांच्या उतारांवर आणि कुंपणांच्या कडेला तें आपोआप उगवतें. पहिल्या वर्षीं जमिनीलगत केवळ पानांचा झुबका दिसतो. दुसऱ्या वर्षीं त्यांतून उंच दांडा निघतो आणि त्यावर तिळाच्या फुलांसारखीं, पण त्यांहून मोठीं, जांभळीं फुलें ओळीनें लोंबूं लागतात. फुलाचा आकार थेट बोटांत घालण्याजोगा. जर्मन भाषेंत या झाडास शिंप्याच्या अंगुस्तानाचेंच नांव आहे. तें ध्यानांत घेऊन लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानें १५४२ सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथांत त्यास डिजिटॅलिस असें लॅटिन नांव दिलें; लॅटिनमध्यें बोटासाठीं जो शब्द आहे त्यापासून तें साधलें आहे. झाड विषारी आहे ही गोष्ट खेड्यापाड्यांतून ठाऊक होती. त्याचा औषधी उपयोगही लोक आपापल्या समजुतीप्रमाणें करीत. पण त्या विषाचें औषध नेमकें कोठें होतें, हें ठरावयास आणखी अडीचशें वर्षें जावीं लागलीं.

तें ज्यानें ठरविलें तो विल्यम विदरिंग हा १७४१ सालीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत वेलिंग्टन या गांवीं जन्मला. एडिंबरो येथें वैद्यकाची पदवी घेऊन त्यानें प्रथम स्टॅफर्ड येथें व १७७५ पासून बर्मिंगहॅम येथें व्यवसाय केला. तो जसा वैद्य तसाच वनस्पतिशास्त्रज्ञही होता. ब्रिटनमधील वनस्पतींचें लिनीयसच्या पद्धतीनें वर्गीकरण करणारा त्याचा ग्रंथ १७७६ सालीं प्रसिद्ध झाला. बर्मिंगहॅमला त्या काळीं विद्वान् आणि कारखानदार यांची एक मंडळी पौर्णिमेच्या सुमारास जमत असे, कारण रात्रीं चांदण्यांत घरीं परतणें सोयीचें पडे. वाफेच्या यंत्राचा जेम्स वॉट, चार्ल्स डार्विनचा आजोबा इरॅस्मस डार्विन हे त्या मंडळींतले. विदरिंगही त्यांत जाऊं लागला.

१७७५ सालीं त्याच्याकडे एका घरगुती औषधाविषयीं अभिप्राय मागण्यांत आला. श्रॉपशायरमधील एक म्हातारी तें जलोदरावर देत असे व त्याची कृति गुप्त ठेवीत असे. नामांकित वैद्यांनीं हात टेकलेले कांहीं रोगी तिच्या औषधानें बरे झाले, अशी तिची ख्याति होती. औषधांत वीस किंवा त्यांहून अधिक वनस्पति होत्या, आणि तें घेतल्यावर रोग्यास जोराच्या वांत्या व जुलाब होत. वनस्पतिशास्त्रांत मुरलेल्या विदरिंगला त्या गर्दींतील खरें कार्यकारी द्रव्य फॉक्सग्लव्हच असलें पाहिजे, हें ओळखण्यास अडचण पडली नाहीं. त्या काळीं जलोदर हा एक स्वतंत्र रोग मानीत. पाय सुजतात, पोटांत पाणी सांठतें, आडवें पडलें कीं श्वास कोंडतो आणि रोगी उशा रचून बसल्या बसल्या रात्र काढतो. हीं लक्षणें अनेक कारणांनीं उद्भवतात, आणि त्यांपैकीं एक मोठें कारण म्हणजे थकलेलें हृदय, हें ज्ञान मागाहूनचें आहे.

या म्हातारीस पुढें ‘मदर हटन’ असें नांव मिळालें, आणि विदरिंगनें तिच्याकडून सोन्याच्या मोहरा मोजून कृति विकत घेतली वगैरे कथा पुस्तकांतून छापून येऊं लागल्या. विदरिंगच्या ग्रंथांत तिचें नांव कोठेंही नाहीं. हें नांव १९२८ सालच्या एका औषधी कंपनीच्या जाहिरातींतून निघालें आणि तेथून इतिहासांत शिरलें, असें इतिहाससंशोधकांनीं दाखविलें आहे. जाहिरातदारानें रंगविलेलें चित्र विद्वानांनीं पुरावा म्हणून पुढें करावें, हा प्रकार मौजेचा खरा; पण त्यांतून एक बोधही घेण्यासारखा आहे. गोष्ट गोड झाली म्हणजे आपण तिचा आधार विचारीत नाहीं. औषधांच्या बाबतींतही नेमकें हेंच घडतें.

विदरिंगजवळ शोधाची बुद्धि होती, तसेच त्या बुद्धीस पुरेसे रोगीही होते. तो गोरगरिबांस विनामूल्य सल्ला देई आणि अशा रोग्यांची संख्या वर्षाला दोन-तीन हजार असे. नव्या औषधाचे पहिले प्रयोग या गरिबांवर झाले. प्रारंभीं आपण मात्रा फार मोठ्या दिल्या आणि औषध फार काळ चालू ठेविलें, ही गोष्ट त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. आज ज्याला आपण योग्य मात्रा म्हणतों, ती कोणा एका बुद्धिमंताच्या मेंदूंतून एकदम निघालेली नाहीं. जीं माणसें पैसे देऊं शकत नव्हतीं त्यांच्या ओकाऱ्यांतून, त्यांच्या मंदावलेल्या नाडींतून ती हळूहळू ठरत गेली. या ऋणाची आठवण ठेवल्यावांचून वैद्यकाच्या प्रगतीचें कौतुक करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १७८५ सालीं, त्यानें फॉक्सग्लव्हवरील आपला ग्रंथ बर्मिंगहॅम येथें प्रसिद्ध केला. तींत आपल्या १६३ रोग्यांची हकीकत त्यानें वर्षवारीनें दिली आहे. निवडक यशस्वी उदाहरणें देऊन औषधाची व स्वतःची कीर्ति वाढविणें सोपें होतें, हें तो जाणत होता. तरी तसें न करतां जेथें औषध योग्य रीतीनें दिलें गेलें आणि जेथें अयोग्य रीतीनें, जेथें गुण आला आणि जेथें आला नाहीं, तें सर्व त्यानें मांडलें. आमच्या मतें हाच त्या ग्रंथाचा खरा पराक्रम होय. वनस्पति त्या म्हातारीसही माहीत होती. विदरिंगनें तींत जी भर घातली ती हिशेबाची.

या हिशेबामुळेंच औषध हाताळतां येण्याजोगें झालें. मुळांचा गुण अनिश्चित असतो, म्हणून त्यानें पानें पसंत केलीं. तीं झाड फुलावर असतांना खुडावीं, वाळवावीं आणि त्यांचें चूर्ण द्यावें असें ठरविलें. मात्रा एक ते तीन ग्रेन, म्हणजे आपल्या मापानें सुमारें अर्धी ते दीड गुंज, दिवसांतून दोनदां. लघवी साफ होऊं लागली, मळमळूं लागलें, नाडी मंदावली किंवा जुलाब सुरू झाले, कीं यांपैकीं कोणतेंही पहिलें चिन्ह दिसतांच औषध बंद करावें हा त्याचा नियम. तो न पाळल्यास काय होतें, तेंही त्यानें लपविलें नाहीं. भोंवळ येते, दृष्टि गोंधळते, वस्तु हिरव्या-पिवळ्या दिसूं लागतात, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते, थंड घाम सुटतो, झटके येतात आणि मृत्यु येतो. हृदयाच्या गतीवर या वनस्पतीचा जो प्रभाव पडतो तसा अन्य कोणत्याही औषधाचा आढळला नाहीं, असेंही त्यानें नमूद केलें. पण औषध मुख्यतः लघवीवाटे पाणी काढून टाकतें अशीच त्याची समजूत राहिली. हृदयाच्या उंबरठ्यावर येऊन तो थांबला.

शोधाच्या श्रेयाबद्दल वादही झाला. ज्या मित्रमंडळींत तो जात असे तींतल्याच इरॅस्मस डार्विननें १७८० सालीं आपल्या मृत पुत्राचा प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या पुरवणींत फॉक्सग्लव्हचे रोगी दिले. त्यांपैकीं एका रोग्यासाठीं त्यानेंच विदरिंगला सल्ल्यास बोलाविलें होतें. पण त्याचा नामनिर्देश तेथें नव्हता. विद्वानांचे हे कलह जुने आहेत. कालानें निवाडा विदरिंगच्या बाजूनें दिला, तो पहिला कोण या कारणास्तव नव्हे; सगळें सांगितलें कोणी, या कारणास्तव. विदरिंग क्षयानें पीडित होता. १७९९ सालीं तो वारला. एजबॅस्टन येथील चर्चमध्यें त्याचें स्मारक आहे आणि त्यावर फॉक्सग्लव्हचें झाड कोरलेलें आहे.

ग्रंथ उरला, पण त्यांतील सावधगिरी उरली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत डॉक्टरांनीं हें पान क्षय, ताप, मानसिक विकार अशा ज्या त्या रोगावर आणि वाटेल त्या मात्रेंत दिलें. त्यामुळें कधीं तें रामबाण ठरे, तर कधीं घातकी. गोंधळ निवळण्यास दोन गोष्टींची आवश्यकता होती : पानांतील द्रव्य शुद्ध रूपांत काढणें आणि रोग्याचें हृदय नीट वाचणें. पहिल्या वाटेवर १८७५ सालीं स्ट्रासबर्गच्या श्मीडेबर्गनें डिजिटॉक्सिन वेगळें काढलें, आणि १९३० सालीं सिडने स्मिथनें लोकरी पानांच्या दुसऱ्या एका फॉक्सग्लव्हपासून डिजॉक्सिन काढलें. तोंपर्यंत पानांचें बळ बेडकांवर आणि मांजरांवर अजमावून पाहावें लागे. कारण एका टेकडीवरचें पान दुसऱ्या टेकडीवरच्या पानाएवढें जहाल असेलच याची शाश्वति नव्हती. दुसऱ्या वाटेवर जेम्स मॅकेंझी या स्कॉटिश डॉक्टरानें नाडीचे आलेख घेऊन आणि पुढें थॉमस लूइसनें हृदयाच्या विद्युत्-आलेखांनीं दाखवून दिलें, कीं हृदयाचे वरचे कप्पे अनियमितपणें थरथरत असतां डिजिटॅलिस खालच्या कप्प्यांची धांवपळ थोपवितें आणि त्यांना भरावयास अवकाश देतें. सव्वाशें वर्षांनंतर उंबरठा ओलांडला गेला.

तरी तें द्रव्य पेशींत शिरून करतें काय, हें गूढच होतें. १९५३ सालीं हान्स शात्समान या स्विस शास्त्रज्ञानें या जातीचीं द्रव्यें रक्तपेशींतील सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण रोखतात असें दाखविलें. १९५७ सालीं डेन्मार्कच्या येन्स स्को यानें खेंकड्याच्या मज्जातंतूंत ही ने-आण करणारें यंत्र शोधून काढलें. त्याबद्दल त्यास चाळीस वर्षांनीं, १९९७ सालीं, रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या यंत्राची कल्पना अशी करतां येईल. पेशी ही समुद्रांत तरंगणारी होडी आहे. फटींतून सोडियम अखंड आंत झिरपतें आणि उपसणारे गडी तें अखंड बाहेर टाकीत असतात. डिजिटॅलिस यांतील कांहीं गड्यांना खालीं बसवितें. आंत सोडियम किंचित् वाढतें; त्यामुळें कॅल्शियम बाहेर जाण्याची वाट मंदावते आणि कॅल्शियमही थोडें अधिक उरतें. स्नायूचें आकुंचन कॅल्शियमवर अवलंबून असल्यानें थकलेलें हृदय अधिक जोरानें ठोका देतें. पण गडी जास्त बसले तर? मग कॅल्शियमचा पूर येतो, ठोके वाट चुकतात, पेशीला शक्ति पुरविणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या कोलमडतात आणि पेशी मरते. औषध आणि विष यांचें दार एकच आहे. तें किती उघडावें, एवढाच प्रश्न.

येथें इतिहासांत दुसरा एक प्रवाह येऊन मिळतो, तो पेशींच्या मृत्यूविषयींचा. आघात झाला म्हणजे पेशी फुगतात, फुटतात आणि भोंवतीं दाह माजतो, हें पूर्वींपासून ठाऊक होतें. ऑस्ट्रेलियांतील जॉन केर यास उंदरांच्या यकृतांत याहून निराळा मृत्यु दिसला. पेशी आक्रसते, तिचे लहान लहान तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते निमूटपणें गिळतात आणि गाजावाजा होत नाहीं. अ‍ॅबर्डीन येथें वायली व करी यांच्या सहकार्यानें त्यानें १९७२ सालीं या मृत्यूचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यास ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हें नांव तेथील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनीं सुचविलें. प्राचीन ग्रीकमध्यें फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाचीं पानें गळून पडणें यास तो शब्द आहे. आपण पेशींची पानगळ म्हणावी. ही पानगळ विकृतीच असते असें नव्हे. सूक्ष्म कृमीच्या एका जातींत शरीर घडतांना १०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांतील १३१ ठरलेल्या वेळीं मरतात. हा मृत्युलेख वाचणाऱ्यांस २००२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

झाडाला पुन्हां पालवी फुटते. हृदयाचें तसें नाहीं. अणुबाँबच्या चांचण्यांमुळें वातावरणांत वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा माग घेऊन स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं दाखविलें, कीं पंचविशींत हृदयाच्या स्नायूपेशींपैकीं वर्षाला शेंकडा एकच नवी होते आणि पंचाहत्तरींत त्याच्या अर्ध्याहूनही कमी. ज्या अवयवांत भर इतकी थोडी, तेथें गळती किती महाग पडत असेल हें सांगणें नको. १९९६ व १९९७ सालीं अखेरच्या अवस्थेंतील दुर्बल हृदयांत ही मूक पानगळ चालू असल्याचे पुरावे पुढें आले. तेव्हांपासून हृदयरोगाच्या उपचारापुढें एक नवें ध्येय उभें राहिलें : उरलेल्या पेशींना चाबूक मारून पळविण्याऐवजीं त्यांचें मरणच टाळतां येईल काय?

या ध्येयामागें लागलेल्या संशोधकांनीं पुन्हां वनस्पतींकडेच धांव घेतली, हें साहजिक आहे. हळदींतील कर्क्युमिन, दारुहळदींतील बर्बेरिन, द्राक्षांच्या सालींतील रेझव्हेरॅट्रॉल, कांद्यांतील क्वेर्सेटिन अशा द्रव्यांनीं उंदरांच्या हृदयांतील किंवा कांचपात्रांतील पेशींचा मृत्यु कमी होतो, असें सांगणारे निबंध पुष्कळ निघाले आहेत. ते खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण उंदराचें हृदय मनुष्याचें नव्हे, आणि कांचपात्रांतील मात्रा मनुष्याच्या रक्तांतील नव्हे. कर्क्युमिन पोटांत घेतल्यास रक्तांत फारच थोडें पोंचतें, हें एकच उदाहरण पुरे. आशा कशी फसते याचा एक बोलका दाखला आहे. बुरशीपासून मिळणारें सायक्लोस्पोरिन पेशींच्या सूक्ष्म भट्ट्या सांवरतें. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तवाहिनी मोकळी करतांना तें दिलें असतां हानि कमी होते, असें २००८ सालीं ५८ रोग्यांवरील प्रयोगांत दिसलें. २०१५ सालीं ९७० रोग्यांवर तोच प्रयोग झाला तेव्हां कांहींही लाभ आढळला नाहीं. अर्जुनसालीचेंही पाहावें. तिचें नांव हृदयाशीं आपल्याकडे फार पूर्वींपासून जोडलेलें आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील चांचणीचा जो निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत बारा आठवड्यांनंतर हृदयाच्या उपसण्याच्या शक्तींत फरक पडला नव्हता. कांहीं रोग्यांना हालचालीस मात्र बरें वाटलें. हा निष्कर्ष ना जयघोषास पुरेसा, ना उपहासास. तो जसा आहे तसा छापला गेला, यांत त्याचें मोल आहे.

आणि फॉक्सग्लव्हचें काय झालें? दोनशें वर्षें वापरलेल्या औषधाची निर्णायक परीक्षा १९९७ सालीं लागली. ६८०० रोग्यांपैकीं अर्ध्यांना डिजॉक्सिन आणि अर्ध्यांना दिसावयास तशीच, पण निर्गुण गोळी देण्यांत आली. सरासरी तीन वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंचें प्रमाण जवळ जवळ सारखेंच, शेंकडा ३५ च्या आसपास, भरलें. हृदय थकून रुग्णालयांत जाण्याचे प्रसंग मात्र डिजॉक्सिन घेणाऱ्यांत पुष्कळ कमी झाले. पुढें त्याच आंकड्यांची छाननी झाली तेव्हां २००३ सालीं असें दिसलें, कीं ज्या पुरुषांच्या रक्तांत औषधाचें प्रमाण अल्प होतें त्यांत मृत्यु कमी आणि ज्यांच्यांत तें अधिक त्यांत मृत्यु जास्त होते. म्हणजे विदरिंगच्या गरीब रोग्यांनीं जो धडा शिकविला होता तोच पुन्हां वाचावा लागला. २०२५ सालीं बाराशेंहून अधिक रोग्यांवरील डिजिटॉक्सिनच्या चांचणीचा निकाल आला. आधुनिक उपचारांच्या जोडीला अल्प मात्रेंत तें दिलें असतां मृत्यु किंवा हृदय खालावल्यामुळें रुग्णालयांत जाणें हे प्रसंग शेंकडा ४४ वरून सुमारें ४० वर आले. लाभ मोठा नाहीं, पण खरा आहे. या दोन्ही चांचण्यांच्या मधल्या काळांत, २०१९ सालीं, याच जातीचीं द्रव्यें जीर्ण झालेल्या पेशींना निवडून मारतात असेंही प्रयोगशाळांत आढळून आलें. ज्या द्रव्यानें हृदय सांवरतें त्याचा मारकपणाही उपयोगी पडेल काय, याची आतां चौकशी चालू आहे.

हें सर्व परदेशचें म्हणून वाचकांनीं दूर सारूं नये. फॉक्सग्लव्ह आपल्या अंगणांत नाहीं, पण त्याचे भाऊबंद आहेत. देवपूजेसाठीं परसांत लावलेली कण्हेर आणि कुंपणाकडेची पिवळ्या फुलांची बिट्टी या दोहोंतही याच जातीचें विष आहे. बिट्टी मूळची अमेरिकेंतली. ती येथें इतकी रुळली आहे, कीं परकी वाटत नाहीं. श्रीलंकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस बिट्टीच्या विषबाधेचे रोगी रुग्णालयांत मोठ्या संख्येनें येऊं लागले. त्यांचे ठोके नेमके विदरिंगनें वर्णिल्याप्रमाणें मंदावत. मेंढ्यांच्या रक्तापासून तयार केलेला, प्रथम १९७६ सालीं डिजॉक्सिनच्या विषबाधेवर यशस्वी ठरलेला उतारा बिट्टीच्या विषावरही चालतो, हें तेथील डॉक्टरांनीं सिद्ध केलें. आयुर्वेदानें करवीर म्हणजे कण्हेर हिची गणना उपविषांत केली आहे. नीट योजिलेलें तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतें आणि दुर्योजित औषधही तीक्ष्ण विष होतें, असा चरकसंहितेचा अभिप्राय आहे. ‘जडीबुटी आहे, अपाय काय होणार?’ असें म्हणणारे लोक आयुर्वेदाचे अनुयायी म्हणवितात, पण चरकाला तें मान्य झालें नसतें.

आपल्याकडेही विदरिंगच्या मार्गानें जाणारे झाले आहेत. सर्पगंधेचें मूळ हिंदुस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या वापरांत होतें. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं वाढलेल्या रक्तदाबाच्या रोग्यांना तें दिलें, रक्तदाब मोजले आणि ५० रोग्यांची हकीकत १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्यें प्रसिद्ध केली. जगाचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें त्यांतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें आणि तें सर्वत्र पसरलें. मग मोठ्या मात्रेंत तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांत गाढ उदासीनता येते असें दिसूं लागलें, आणि पुन्हां मात्रेकडे परतावें लागलें. मुंबईचें मूळ आणि बर्मिंगहॅमचें पान यांची कथा इतकी मिळतीजुळती निघावी, याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. पद्धत एक असली म्हणजे धडेही एकच मिळतात.

घरांत हृदयरोगी असला म्हणजे सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाहीं. अमक्या काढ्यानें कोणाची रक्तवाहिनी मोकळी झाली, तमक्या पाल्यानें कोणाचें ऑपरेशन टळलें, अशा हकीकती दारीं चालून येतात, आणि भीतीनें व्याकुळ झालेलीं माणसें त्यांवर विश्वास ठेवतात. त्यांना हसण्यांत शहाणपणा नाहीं. श्रॉपशायरच्या म्हातारीला हसून वाटेस लावलें असतें तर एक मोठें औषध हातचें गेलें असतें. परंतु तिचें औषध जसेंच्या तसें घोटीत राहिले असते, तर त्यांतून आणखी कित्येक दगावले असते. चालू औषध बंद करून किंवा त्याच्या जोडीला डॉक्टरास न सांगतां पाला देणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. कारण ज्या पानांत गुण आहे त्याच पानांत अवगुणही असतो, आणि ज्यांत अवगुण मुळींच नाहीं त्यांत गुणही बहुधा नसतो. असें पान घेऊन कोणी दारीं आला तर त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावे : मात्रा किती? कोणत्या रोग्याला? आणि ज्यांना उतार पडला नाहीं त्यांची यादी कोठें आहे? पहिल्या दोहोंचीं उत्तरें पुष्कळ जण देतील. तिसऱ्याचें उत्तर विदरिंगनें १७८५ सालीं छापून दिलें, आणि आजही तें देणारे थोडेच आहेत.